डाव्या डोळ्याची चुगली

कात्रीमास्तर गिऱ्हाइकांना डोळा मारतात, ही बातमी आळीत पसरायला चार दिवसही लागले नाहीत. साठीचा सज्जन माणूस, आणि कुणी वाटी आदळली की याचा डावा डोळा मिचकलाच! खुर्चीतली मंडळी हसायची. मास्तर कानकोंडे होऊन वस्तरा खाली ठेवायचे, उचलायचे, पुन्हा ठेवायचे.

अकरा वर्षं ते ठार बहिरे होते. मग ऑपरेशन करून डाव्या कानात यंत्र बसवलं. आतल्या शंखासारख्या वळणात एक बारीक तार, तिच्यावर ओळीने विजेच्या टिकल्या, प्रत्येक टिकली वेगळ्या सुराची. आधी महिनोन्‌महिने नुसता खडखडाट. मग एके सकाळी "अहो, टॉवेल घ्या" ऐकू आलं. तो आवाज बायकोचा होता, थेट तिचाच. मास्तर त्याच टॉवेलात तोंड खुपसून रडले.

डोळा मिचकायला लागला तो त्यानंतर. यंत्र जुळवणाऱ्या मॅडम त्रास देणाऱ्या टिकल्या बंद करून टाकतात, हे त्यांना दवाखान्याच्या बाकावर कळलं होतं. बायकोचा आवाज नेमका त्याच टिकल्यांवर असला तर? मास्तरांनी ब्रसुद्धा काढला नाही. बायकोलाही "धूळ गेली" म्हणून थापा मारल्या.

तपासणीच्या दिवशी ते गाल दाबून बसले.

"काका, दात दुखतोय का?" मॅडमनी विचारलं.

"छे, सवय आहे."

"मग हात खाली घ्या बघू."

मॅडम एकेक टिकली वाजवून बघू लागल्या. सोळाव्या टिकलीला डोळा मिटला. सतरावीला ओठाचा कोपराही उडाला. शेजारी बसलेल्या बायकोने आधी त्यांच्या डोळ्याकडे पाहिलं, मग वस्तरा धरणाऱ्या हाताकडे.

"हे लपवायचं असतं का, काका? आतल्या कानात खारट पाणी असतं. त्यात वीज एका जागी थांबत नाही, पसरते. चेहरा हलवणारी नस तिथून अगदी खेटून जाते, मग तिलाही झटका बसतो. या दोन बंद करू. शेजारच्या टिकल्यांची वीजही पसरतेच, त्या यांचं काम उचलतील. आवाज मात्र बदलेल. मेंदूला पुन्हा शिकावं लागेल. काकू, तुम्ही यांच्याशी भरपूर बोला."

टिकल्या बंद झाल्या. बायको काहीतरी बोलली. पत्र्याच्या डब्यातून कुणी परकी बाई बोलावी तसं मास्तरांना वाटलं.

त्यानंतर ती बोललीच नाही. बसमध्ये नाही, चौकात नाही. मास्तर तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिले. हातातल्या तिकिटाचा चोळून चोळून भुगा झाला.

दुकानाचं शटर वर करताना त्यांना राहवलं नाही. "तुझा आवाज जाईल म्हणून नाही सांगितलं गं."

ती थबकली. मग जी सुटली! लोकांच्या गळ्यावरचा वस्तरा, धुळीच्या थापा, गळकं छप्पर, धाकटी नणंद, वीस वर्षांतलं सगळं उकरून काढलं. मास्तरांना निम्मंही कळलं नाही. आवाज अजून परकाच होता. ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून डोळे पुसत होते, आणि ती दमून थांबली की घाबऱ्याघुबऱ्या म्हणत होते, "पुढे? पुढे बोल ना."