षष्ठीची ओहोटी

वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तेव्हा मी माणगावकडच्या एका भाताच्या गिरणीत कामाला होतो. गाव वऱ्हाडात, पाचवीतून शाळा सुटलेली. पितृपंधरवड्यात घरी जाण्याइतकी रजा मिळेना. गिरणीचे मालक म्हणाले, "हरिहरेश्वरला जाऊन ये. दक्षिणकाशी म्हणतात तिला. तिथे पिंड ठेवलेस की घरी ठेवल्यासारखेच." आईचाही निरोप आला होता की थोरल्याने तिथी चुकवू नये. वडिलांची तिथी षष्ठी.

पाकिस्तानशी लढाई जुंपली होती. आणीबाणी तर चीनच्या लढाईपासून उठलीच नव्हती, पण किनाऱ्यावर ती जाणवली ती त्या दिवसांत. पंचमीला संध्याकाळी मी पोचलो तर घराघराच्या खिडक्यांना काळे कागद होते आणि समुद्राकडे तोंड करून विडी पेटवायची नाही अशी दवंडी झालेली. मी ज्यांच्याकडे उतरलो त्या गुरुजींनी सांगितले, "सकाळी पिंडदान. मग डोंगराला प्रदक्षिणा घालून पिंड समुद्रात सोडायचे. वाट खालच्या खडकांवरून आहे, ओहोटी असेल तरच जाता येतं. भरतीत माणसं वाहून गेली आहेत."

हे ऐकल्यापासून मला चैन नव्हते. मी तोवर समुद्र दोनदाच पाहिला होता, तोही लांबून. सकाळी गुरुजी स्नानाला गेले तेवढ्यात मी बाहेर पडलो आणि दिसेल त्याला विचारत सुटलो. चहावाल्याला विचारले, पाणी कवा उतरते जी? जाळे सांधत बसलेल्या एकाला विचारले, किती दूर उतरते, माणूस खडकावरून पायी जाऊ शकते का? बोंबील वाळत घालणाऱ्या एका कोळणीलाही तेच विचारले. तिने उलट मलाच आजची तिथी विचारली; मी सांगितली, तर ती माझ्याकडे बघून हसली आणि कामाला लागली.

परत फिरलो तर चार-पाच जण वाटेत उभे होते.

"कंचा तू?"

"वऱ्हाडातला आहो जी."

"ही बोली हिकडची न्हाय. पाणी कवा उतरतं, खडकावरनं चालता येतं का, तुला कशाला रं पायजे? कुनाला उतरवनार हायेस?"

मी श्राद्धाचे सांगितले. ज्याचा हात माझ्या दंडावर होता तो म्हणाला, "समदे असंच सांगत्यात." असे 'समदे' त्याने किती पाहिले होते कोण जाणे. मला पोलीस पाटलांच्या ओटीवर नेऊन बसवले.

पाटील वयस्कर होते, आवाज चढवत नव्हते. त्यांनी गुरुजींना बोलावले. गुरुजी ओल्या पंचानेच आले आणि खरे तेच बोलले: "काल संध्याकाळी आला. त्याआधी मी याला पाहिलेला नाही." ते बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "पण भात शिजलाय, पाटील. पाणी वर चढायच्या आत प्रदक्षिणा झाली पाहिजे."

"आणि हा दुसरा कुणी निघाला तर? वरून हुकूम आहे, अनोळखी माणूस श्रीवर्धनला ठाण्यावर पाठवायचा."

श्रीवर्धनला गेलो की तिथी गेली, एवढेच मला कळत होते. घाबरलो होतो हे खरे, पण ठाण्याला नाही. आईला काय सांगायचे याला.

एवढ्यात ती कोळीण टोपली घेऊन ओटीखाली आली. कुणी बोलावले नव्हते.

"ह्याला धरलाय व्हय? अवो पाटील, ह्यो कसला हेर! मला इचारतो, पानी कवा उतरंल? मी म्हनलं, आज तिथी कंची? तर म्हनतो, षष्ठी, बापाची हाय. मंग इचारतोस काय बाबा? तिथी म्हाईत, आन ओहोटी म्हाईत न्हाय! नुसता तोंडाकडं बघत रायला. आमच्या घरातलं शेंबडं पोर सांगंल."

ओटीवरचे सगळे हसले. मला हसण्याचे कारण कळले नाही. मग गुरुजींनी समजावले. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि तिथीही चंद्राचीच, म्हणून किनाऱ्यावर कुणी वेळ विचारत नाही, तिथीवरून धरतात. मी तिथी तोंडपाठ करून आलो होतो आणि तिच्यात काय आहे ते गावभर विचारत फिरत होतो.

"दुष्मन असा रिकाम्या डोक्यानं येईल व्हय?" ती म्हणाली.

"हमी कोण घेतो?" पाटलांनी विचारले.

"मी घेते. पळाला तर माझी टोपली जप्त करा."

पाटलांनी दोन माणसे बरोबर दिली. त्यातला एक तोच, दंड धरणारा. पिंडदान घाईत उरकले. पायऱ्या उतरून खडकांवर आलो तेव्हा पाणी परतायला लागले होते. शेवाळावर माझा पाय दोनदा सरकला, दोन्ही वेळा त्याने मला सावरले. मी पिंड सोडले तेव्हा दोघांनी टोप्या काढल्या. "बापाला काय झालं हुतं?" त्याने विचारले. मी म्हटले, ताप.

वर चढून मागे पाहिले तर आम्ही आलो त्या खडकांवर लाट येऊन बसली होती. पाटलांच्या ओटीवर मी आणखी थोडा वेळ बसलो असतो तर वाट उरली नसती.

दुपारी श्रीवर्धनच्या बैलगाडीत मला त्याच माणसाने बसवून दिले. गाडी वळेपर्यंत तो तिथे उभा होता. पाटलांनी तसे सांगितले असावे. कोळणीला भेटायला गेलो होतो, ती बाजाराला निघून गेली होती. आईला मी एवढेच कळवले की तिथी साधली, सोबत गावची माणसे होती.