भिंतीपलीकडची घरघर

चाकणला गोरक्षचं आणि नदीमचं सुटे भाग बनवायचं वर्कशॉप एकाच भिंतीला लागून. अमेरिकेने आयातकर वाढवला आणि गोरक्षचा तिकडे जाणारा माल थांबला. देशातच माल विकणाऱ्या नदीमचं मशीन मात्र दिवसभर घरघरायचं, अन् गोरक्षच्या पोटात दुखायचं.

"आपणही त्यांच्या मालावर उलटा कर लावायला हवा, राव! मग येतील वठणीवर," तो चहाच्या टपरीवर तावातावाने म्हणाला. नदीमच्या मशीनची धातू कापायची कटिंग टूल्स अमेरिकेतून येत. ती महागली म्हणजे झालं, हे गोरक्षच्या मनातलं.

शेजारीच चहा पीत असलेला नदीम शांतपणे म्हणाला, "टूल्स महागली तर कंपनीकडून मिळालेलं नवं काम परवडायचं नाही, गोरक्षभाऊ. त्यातलं निम्मं तुम्हाला द्यायचं आजच कंपनीत बोलून आलोय."

नदीमचा हा मोठेपणा गोरक्षला त्या घरघरीपेक्षा जास्त झोंबला.