पाच मिनिटं हुकूम बंद

माझी मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा साताऱ्यात माझ्यापेक्षा तिच्या ओळखी जास्त होत्या. मी इथल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते, त्यामुळे चार लोक मलाही ओळखतात. पण हळूहळू मी 'हिची आई' म्हणूनच ओळखली जायला लागले. राजवाड्यावर भर गर्दीत ती रस्त्यावर आडवी पडायची. फुगा मिळाला नाही म्हणून, मिळाला पण रंग चुकला म्हणून, रंग बरोबर होता पण दोरा मी धरला म्हणून. मग पाय झाडणं, चप्पल भिरकावणं आणि उचलायला गेलं की चावणं. भोवती माणसं जमायची आणि प्रत्येकाकडे एक उपाय असायचा. कुणी म्हणायचं दृष्ट काढा, कुणी म्हणायचं दोन ठेवून द्या, कुणी म्हणायचं मोबाईल द्या, गप बसेल. एकदा एका गृहस्थांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि हे तिन्ही उपाय ओळीनं करून बघायला सांगितलं.

सासूबाईंचं मीठ-मोहरी ओवाळून झालं होतं. नवरा पुण्यात नोकरीला. तो सुट्टीला यायचा, रविवारभर लेकीला खांद्यावर घेऊन मिरवायचा आणि परत जाताना 'मोठी झाली की सुधारेल' असं सांगून बस पकडायचा. इतका धीर माणसाला बसमध्ये बसायच्या वेळीच येतो. मी शाळेत अख्खा वर्ग एका भुवईवर गप्प करायची, आणि घरी दोन्ही भुवया, डोळे आणि आवाज खर्ची घालून हात टेकायची.

दिवसभर तिला सांभाळायचे ते माझे सासरे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मूळचे मेढ्याकडचे, फौजेत सिग्नलमध्ये होते, सुभेदार होऊन घरी आले. वायरलेसवर उभी हयात गेलेली. व्याकरणात आज्ञार्थ सोडून आणखी काही असतं हे त्यांच्या कानावरच गेलं नसावं. चहा आण, दार लाव, पंखा कमी कर. त्यात राग नसायचा, पण दुसरं काही नसायचंच. ते 'बस' म्हणाले की नात उभी राहायची, 'ऊठ' म्हणाले की आडवी पडायची. दोघांची दिवसभर कवायत चालायची आणि संध्याकाळी मी घरी आले की दोघंही एकमेकांची तक्रार माझ्याकडे करायचे.

एक दिवस बालवाडीच्या बाईंनी मला थांबवून घेतलं. दंडावर माझ्या लेकीच्या दातांची ताजी नक्षी होती, तरी बोलल्या गोड. सांगलीत अशा मुलांच्या उपचारांवर संशोधन चाललंय, तिथं गोळ्या-औषधं नाहीत, घरच्या माणसांनाच शिकवतात, एकदा जाऊन या, असं म्हणाल्या. शिकवणी घरच्या माणसांना, हे ऐकून मला जरा लागलं. पण त्यांच्या दंडाकडे बघून मी पत्ता लिहून घेतला.

लेकीला आणि आबांना घेऊन मी सांगलीच्या त्या केंद्रात गेले. तिथं एक तरुण मॅडम होत्या. जतकडच्या, बोलताना मधूनच कानडी हेल यायचा, आणि हसू आलं की त्या पटकन खाली बघायच्या. त्यांनी नीट समजावलं. संशोधनातल्या काही घरांना उपचार लगेच मिळणार, काहींना काही महिन्यांनी. कुणाला कधी हे चिठ्ठ्या टाकून ठरणार. मी विचारलं, जिला जास्त गरज तिला आधी का नाही? त्या म्हणाल्या, काही मुलं नुसती दिवस गेले तरी निवळतात. थांबलेली आणि शिकवलेली अशी दोन्ही घरं शेजारी ठेवून बघितली नाहीत, तर आमच्या उपचारानं काही केलं की नाही हे आम्हाला कधीच कळणार नाही. गणिताच्या बाईला हे पटायला हवं होतं आणि पटलंही, चिठ्ठी निघेपर्यंत. आमची चिठ्ठी थांबायची निघाली. परतीच्या बसमध्ये मी फुगून बसले. आबा मात्र मजेत होते. फौजेतली निम्मी नोकरी वाट बघण्यातच जाते, असं त्यांनी मला कऱ्हाडपर्यंत सांगितलं.

थांबायच्या महिन्यांत मॅडम अधूनमधून फोन करून ठरावीक प्रश्न विचारायच्या. मी शाळेत असले की फोन आबा घ्यायचे आणि अहवाल द्यायचे. सकाळी शांतता होती, दुपारी जेवणावरून चकमक झाली, जीवितहानी नाही. मॅडमनी पुढं मला सांगितलं, की त्या फोनची त्यांच्या ऑफिसात सगळे वाट बघायचे.

मग आमची पाळी आली. मुलाजवळ जास्त वेळ असतो त्यानं आधी शिकायचं, म्हणजे आबांनी, आणि पाठोपाठ मी. पहिला धडा ऐकायला सोपा होता. रोज पाच मिनिटं मुलीबरोबर खेळायचं. त्या पाच मिनिटांत हुकूम नाही, प्रश्न नाही, चुका काढायच्या नाहीत. ती काय करते ते नुसतं बोलून दाखवायचं, चांगलं केलं की कौतुक करायचं, आणि खेळ ती नेईल तिकडं जायचं. आबांनी हे सगळं ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, "मग आमी बोलायचं काय?"

केंद्रात खेळायची एक खोली होती. तिच्या भिंतीला काच होती. आतून आरसा, बाहेरून सगळं दिसायचं. काचेमागं मॅडम माईक घेऊन बसायच्या आणि आतल्या माणसाच्या कानात एक बारकं यंत्र. त्या हळूच सुचवायच्या, आतल्यानं तसं करायचं. यंत्र कानात बसवताना आबांची छाती मला दोन इंच वाढलेली दिसली. किती वर्षांनी कुणीतरी त्यांना पुन्हा लाईनवर घेतलं होतं.

आत नात ठोकळे रचत होती. मॅडम माईकमध्ये म्हणाल्या, "तिनं ठोकळा सावकाश ठेवला, कौतुक करा."

आबा ताठ बसून मोठ्यानं म्हणाले, "कौतुक करा. समजलं साब. ओव्हर."

नातीनं मान वर केली. आबा कुणाशी बोलताय, म्हणून विचारलं. आबांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, हेडक्वार्टरशी. झालं. ठोकळे राहिले बाजूला आणि ती त्यांच्या मांडीवर चढून कानातलं यंत्र मागायला लागली. मी काचेमागं डोळे मिटून घेतले, कारण 'नाही' म्हटल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. पण मॅडमनी आबांना सांगितलं, या पाच मिनिटांत ती नेईल तिकडं जायचं, देऊन टाका. आबांनी यंत्र तिच्या कानाला लावलं. मॅडम क्षणभर गोंधळल्या, मग माईकमध्ये म्हणाल्या, "तू किती छान बसली आहेस."

लेकीनं आरशाकडं बघितलं. मग मॅडमच्याच सुरात म्हणाली, "आबांना पण सांगा. मांडी घालून बसा म्हणावं."

मॅडम माईक बंद करून खाली बघून हसत बसल्या, आणि आत माझे सासरे गुडघे धरून, हेडक्वार्टरच्या हुकमाची वाट न बघता, मांडी घालायला लागले.

घरी सराव सुरू झाला. पहिले काही दिवस त्या पाच मिनिटांत आबांच्या तोंडून शब्द फुटेना. हुकूम वजा केले की खाली काही शिल्लकच राहत नव्हतं. मग एकदा त्यांना लय सापडली. गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या मैदानात कर्ण्यावरून जसं बोलतात तसं सुरू झालं. "बायनं हिरवा ठोकळा घेतला. लाल्यावर ठेवला. हाललाय, पण पडला न्हाई. वा रं गड्या." लेक हरखून गेली. आडवं पडणं विसरून ती नुसत्या समालोचनासाठी नवेनवे पराक्रम करायला लागली. तिनं स्वतः चपला जागेवर ठेवल्या तेव्हा तर आबांनी मैदान डोक्यावर घेतलं.

सासूबाई चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होत्या. एक दिवस भाकरी थापताना म्हणाल्या, "आवं, पाच मिनिटं मला बी द्या की." आबांना वाटलं हाही सरावाचाच भाग. ते पाट घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "तू भाकरी थापतीयास. लय गोल झालीया." सासूबाई एवढ्या लाजल्या की भाकरी तव्यावर करपली. ती करपलेली भाकरी आबांनी एका शब्दानं नावं न ठेवता खाल्ली. त्या घरात मी तोवर असं काही बघितलं नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा मी फार आत्मविश्वासानं आत गेले आणि नापास झाले. हा कुठला रंग? किती झाले? यातला एक काढला तर किती राहतील? दर वेळी कानात मॅडमचा शांत आवाज यायचा, "प्रश्न आला." शेवटी लेकच वैतागून म्हणाली, आई, शाळा नको.

दुसरा धडा सुरू झाल्यावर मात्र पारडं फिरलं. त्यात पहिल्यासारखा हुकूम द्यायचा होता, पण एकच, साधा, आणि एकदाच. मुलीनं ऐकलं तर कौतुक. नाही ऐकलं तर एकदा बजावायचं, आणि मग थोडा वेळ खुर्चीवर शांत बसवायचं. तेवढा वेळ तिच्याशी बोलायचं नाही, ओरडायचं नाही, भांडायचं नाही. मला वाटलं, आता आबांचं राज्य. आबांनी सांगितलं, ठोकळे टोपलीत ठेव. ती नाही म्हणाली. एकदा बजावलं, तरी नाही. खुर्चीवर बसली आणि तिनं भोकाड पसरलं. आबांनी ठरल्याप्रमाणे पाठ फिरवली. काचेमागून आम्हाला त्यांचं तोंड दिसत होतं. सीमेवरच्या बर्फाच्या गोष्टी हसत सांगणारा तो माणूस ओठ चावत होता. मॅडम कानात सांगत होत्या, वळू नका, अगदी थोडं राहिलंय. ते वळले, खुर्चीशेजारी फरशीवर बसले आणि नातीला म्हणाले, "मी बी बसतो. दोघांस्नी सजा." मग यंत्र कानातून काढून त्यांनी खिशात टाकलं. लाईन तोडली, म्हणजे त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं.

मॅडम रागावल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी तो भाग माझ्याकडं दिला. आणि तिथं माझं मास्तरकीचं हाड उपयोगी आलं. मी एकदा सांगितलं, एकदा बजावलं, खुर्चीवर बसवलं आणि खिडकीतून बाहेर रस्ता बघत उभी राहिले. मागं रडण्याचा आवाज चढला, खूप चढला, मग उतरला. मला वळावंसं वाटत होतं, पण कानात मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, आता वळा आणि पुन्हा तेच सांगा. मी सांगितलं. लेक खुर्चीवरून उतरली, नाक ओढत एकेक ठोकळा टोपलीत टाकायला लागली. मी म्हटलं, सांगितल्याबरोबर केलंस, मला फार आवडलं. ती टोपली तशीच सोडून माझ्या पोटाला येऊन बिलगली. मी तिला तशीच उचलून कडेवर घेतली.

ती अगदी गरीब गाय झाली असं नाही. अजून चप्पल उडते, पण चावणं थांबलं आहे. राजवाड्यावर गर्दी जमायचं जवळजवळ बंद झालंय, आणि उपाय सांगणारे ते गृहस्थ भेटले की जरा हिरमुसलेले वाटतात. शेवटच्या भेटीत मॅडमनी आबांना विचारलं, कशाचा उपयोग झाला असं वाटतं? आबांनी बराच विचार केला. खेळाचा असेल, खुर्चीचा असेल, किंवा पोरगी आपसूकच शहाणी झाली असेल, सांगता येत नाही, असं म्हणाले. मॅडम म्हणाल्या, मलाही तुमच्या एका घरावरून सांगता येणार नाही, म्हणूनच इतकी घरं घेतली आहेत.

ते उत्तर आबांना काही मानवलेलं नाही. परीक्षा दिली म्हणजे निकाल लागला पाहिजे, असं त्यांचं मत. परवा त्यांनी स्वतःच सांगलीला फोन लावला. तिकडून मॅडम समजावत होत्या, की अजून सगळ्या घरांचं काम संपायचं आहे, आणि निकाल लागेल तो उपचाराचा, घराघराचा नव्हे.

"म्हंजे नंबर काढत न्हाई?" आबांचा चेहरा पडला.

तेवढ्यात न्हाणीघरातून नात ओरडली, की ती आज अंघोळ करणार नाही, कधीच करणार नाही. आबा घाईघाईनं मॅडमना म्हणाले, हे तेवढं लिहून घेऊ नका, आणि फोन माझ्या हातात देऊन तिकडं गेले.