जस्ताचा ताप आणि दुसरी लस

माझ्या मामाला सगळा बाजार ठिणगी म्हणतो. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात म्हणून नव्हे, तो स्वतःच उडतो म्हणून. गिऱ्हाईक नुसतं "जरा घाई आहे" म्हणालं, तरी तो डोळ्यांवरची काच कपाळावर सरकवून विचारतो, "घाई तुम्हाला आहे की लोखंडाला?" वय अडुसष्ट, साखरेची गोळी रोजची, पण हात अजून असा स्थिर की त्याने घातलेला टाका बोटाने चाचपला तर खडबड लागत नाही. मी त्याच्याच दुकानात वेल्डिंगचा होल्डर धरायला शिकले. पुढे इंजिनीअर झाले आणि कारखान्यात दुसऱ्यांनी केलेले जोड तपासायची नोकरी मला लागली. त्यावर त्याचं म्हणणं ठरलेलं : "आम्ही जोडायचं आणि तू नावं ठेवायची. मजा आहे बाई तुझी."

वेल्डर लोकांचा एक खास ताप असतो. जीआय पाइपला जस्ताचा मुलामा असतो. तो जळला की पांढरा धूर निघतो आणि छातीत जातो. संध्याकाळी हुडहुडी भरते, अंग मोडून येतं, ताप चढतो. सकाळी माणूस ठणठणीत. मामा त्याला जस्ताचा ताप म्हणतो आणि त्यावर पेलाभर दूध पितो. दुधाने काही होत नाही, तो ताप आपोआपच उतरतो, हे मी त्याला एकदा समजावून सांगितलं होतं.

"तुझ्या पुस्तकाला कधी ताप आला होता का?" तो म्हणाला. विषय संपला.

गेल्या वर्षी त्याचा खोकला हटेना, तेव्हा मामीने त्याला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी वय विचारलं, साखर पाहिली, धंदा ऐकला आणि न्यूमोनियाची लस टोचली. "ही पहिली," त्या म्हणाल्या. "वर्षाने या. दुसऱ्या प्रकारची द्यायची आहे. तिने आणखी काही जातींच्या जंतूंपासून संरक्षण मिळतं." मामाने मान डोलावली. वर्ष उलटलं. मामीने आठवण करून दिली तर म्हणाला, "टोचली ना एकदा? दंड आहे की चाळणी?"

मग एका जिन्याचा कठडा आला. सगळा जीआय पाइपचा. बाहेर वारा सुटला होता, म्हणून मामाने शटर अर्धं ओढून आतच काम केलं. संध्याकाळी घरी आला तो दात वाजवतच. मामीने अंगावर दोन गोधड्या टाकल्या आणि न सांगता दूध तापवलं. इतक्या वर्षांत त्यात नवीन काही उरलं नव्हतं. ती शांतपणे झोपी गेली.

सकाळी ताप तसाच. "उतरतोय," मामाने जाहीर केलं. दुपारी श्वास घेताना उजव्या बरगडीत कळ यायला लागली. "वाकडा पाइप उचलला असणार." संध्याकाळी मामीने मला फोन केला. आवाज दबका होता, म्हणजे तो ऐकेल अशा अंतरावर होता.

"तुझा मामा म्हणतोय जस्ताचा ताप आहे. पण अगं, जस्ताचा ताप दुपारच्या जेवणाला कधी थांबत नाही. हा माणूस आज ताटावर बसलासुद्धा नाही."

मी पोचले तेव्हा तो उशांना टेकून बसला होता. मला बघून चिडला. पण एका दमात चार शिव्या देणारा माणूस एका वाक्यात तीनदा थांबला. "तू कशाला... कामं सोडून... तमाशा..." मी त्याच्या चपला पुढे सरकवल्या.

इस्पितळात काढलेल्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. ऑक्सिजन लागला, सलाईनमधून औषधं सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांनी मामीला विचारलं, "काल का नाही आणलंत?" मामी माझ्याकडे बघत राहिली. काय सांगणार? काल तिने त्याला दूध दिलं होतं.

तो वाचला. घरी आला, ताकद हळूहळू परतली, आणि पहिलं काम काय केलं असेल तर दुकानाची किल्ली शोधली. किल्ली खुंटीवर नव्हती. मामीच्या कमरेला होती.

"दुसरी लस टोचून या. मग देते."

"लस घेऊनसुद्धा झालाच ना मला? मग दुसरी कशाला? एक पाइप गळका निघाला म्हणून त्याच दुकानातून दुसरा आणायचा?"

पण किल्ली काही सुटली नाही. मामा घरात येरझाऱ्या घालू लागला. दारांचे सगळे स्क्रू आवळून झाले. कपाट हलत नव्हतं, तरी त्याच्या पायाखाली पाचर ठोकली. कठड्याचं गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं आणि दुसऱ्यांदा जाताना म्हणालं, दुसरा माणूस बघू का? त्या दिवशी मामा अर्ध्या ताटावरून उठला. दुकान गेलं तर तो नुसता मामीचा नवरा उरणार होता, आणि ती नोकरी त्याला झेपणारी नव्हती.

फेरतपासणीच्या दिवशी तो डॉक्टरबाईंसमोर बसला, मामी शेजारी, मी मागे उभी. छाती तपासून होताच त्याने तोच सवाल टाकला. "लस घेऊन झाला. का झाला?"

"मला माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मामाने चमकून पाहिलं.

"न्यूमोनिया पुष्कळ जंतूंनी होतो. ही लस त्यातल्या एकाच जंतूच्या ठरावीक जातींसाठी असते. तुमचा कोणत्या जंतूने झाला, ते तपासणीत सापडलं नाही. त्यामुळे लस कमी पडली की तिच्या आवाक्याबाहेरचा जंतू आला, ते सांगता येत नाही. दुसरीनेही शंभर टक्के हमी नाही. पण तुमच्या वयाला, साखर असताना, धुरात काम करताना हा आजार जिवावर उठू शकतो. तो धोका कमी होतो, एवढं नक्की सांगते."

हमी न देणारा माणूस मामाला आवडतो. तो स्वतःही जुन्या लोखंडाची हमी देत नाही. मग त्याने वेगळंच विचारलं.

"पहिल्या रात्री दोन्ही ताप सारखेच दिसतात का? जस्ताचा आणि हा?"

"थंडी, अंगदुखी, खोकला. पहिल्या रात्री नुसतं बघून मलाही ओळखता येणार नाही."

"म्हणजे बघा," मामा माझ्याकडे वळला, जणू मीच विरोधात होते. "दुसऱ्या कुणाला ताप आला की तो डॉक्टरकडे जातो. मला आला की मी दूध पितो. माझी पहिली रात्र दर वेळी फुकट जाणार. लोकांपेक्षा मला जास्त गरज आहे की नाही या सुईची?"

"हेच मी कधीची सांगतेय," मामी म्हणाली.

"तू कारण सांगितलं नव्हतंस. नुसतं जा म्हणत होतीस." आणि त्याने बाही वर केली.

दंड दुखायला लागल्यावर परतीच्या वाटेवर तो जरा कुरकुरला, पण पावलं घराकडे वळली नाहीत. दुकानाशेजारी गाड्यांना फवाऱ्याने रंग मारणारा पेंटर आहे. मामाहून मोठा, छातीच्या दुखण्याने गांजलेला. मामा त्याच्या दारात उभा राहिला.

"पेंटर, न्यूमोनियाची लस घेतलीस का?"

"मला काय धाड भरलीय?"

"मलाही काही भरली नव्हती. उद्या सकाळी तयार राहा. नाही आलास तर बायकोला पाठवीन."

पेंटर हसला, पण मामीचं नाव निघाल्यावर सकाळी अंघोळ करून तयार होता. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या की सुरुवात पहिल्या लसीपासून करू, पुढची कधी ते मी सांगते. मामा मध्येच म्हणाला, "ती चुकवू देणार नाही मी."

किल्ली मिळाली, पण मामीने अट आणखी वाढवून ठेवली होती. आता जीआय पाइप आला की मामा जोडाच्या जागचं जस्त आधी ग्राइंडरने घासून काढतो, मास्क लावतो आणि शटर पूर्ण वर करून पंखा बाहेरच्या बाजूला सोडतो. मास्कमुळे गिऱ्हाइकांना त्याचं निम्मं बोलणं ऐकू येत नाही. धंदा वाढलाय.

परवा सकाळी सकाळी त्याचा फोन आला. "रात्रीपासून ताप आहे. जस्ताचं काम केलेलं नाही. गाडी काढ."

मी धावत गेले. डॉक्टरबाईंनी छाती ऐकली, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं, घसा पाहिला. साधी सर्दी निघाली.

बाहेर आल्यावर मामी त्याच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती. मामाने तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि ताठ मानेने गाडीत बसला.

"हसा," तो मला म्हणाला. "पण वेळेवर आलो की नाही?"