जोंधळ्याएवढी नरसाळी

बाईंनी ज्याची चूक काढली नाही असा माणूस हडपसरात नव्हता, आणि माणसं संपली की त्या वस्तूंकडे वळत. बाई म्हणजे माझ्या नातीच्या चौथीच्या वर्गशिक्षिका. उंची जेमतेम, पण बारा महिने हातात छत्री, आणि त्या छत्रीच्या टोकाने रस्त्यातल्या दुकानांच्या वाकड्या पाट्या सरळ करत त्या शाळेत जायच्या. मंडईत एकदा त्यांनी भाजीवालीचा तराजू तपासला आणि "अहो, तुमचंच नुकसान होतंय" म्हणून दोन कांदे परत केले. त्यांच्या चर्चमध्ये प्रवचन झालं की चुकांचा कागद पाद्रीसाहेबांच्या हातात. पाद्रीसाहेब मागच्या दाराने जाऊ लागले, तर बाई मागच्या दाराशी उभ्या राहू लागल्या.

मी पत्र्याचे डबे आणि नरसाळी करणारा. शाळा तिसरीपर्यंत, पण पत्र्याच्या कामात मला कुणी शिकवावं असा माणूस मी पाहिलेला नाही. त्या दिवसांत कॉम्प्युटरवाल्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, घराघरात प्लास्टिकचे डबे आले होते आणि माझ्या दुकानात माश्या होत्या. अशात बाई आल्या. आधी माझी पाटी सरळ केली, मग रुमालातून एक अंडं काढलं. काळंभोर, त्यावर लाल-पिवळ्या-पांढऱ्या रेघांची अशी नक्षी की मी हात पुसूनच ते घेतलं. त्यांचा भाचा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्याच्याबरोबर काम करणाऱ्या युक्रेनच्या माणसाने दिलेलं. तिकडे ईस्टरला अशी अंडी करतात म्हणे. जिथं पांढरं राखायचं तिथं आधी मेणाची रेघ, मग पिवळ्या रंगात बुडवायचं. पिवळं राखायचं तिथं मेण, मग लाल, शेवटी काळा. मग मेणबत्तीशी धरून मेण पुसलं की सगळे रंग बाहेर.

"वर्गात दिवाळी होते, ईद होते, बुद्धपौर्णिमा होते. ईस्टरनं काय घोडं मारलंय?" बाई म्हणाल्या. "मेणाची रेघ ओढायला काडीवर बसवलेलं नरसाळं लागतं. जोंधळ्याएवढं. दहा हवीत. सांध्याला डाख देऊ नका मिस्त्री, घडी घाला आणि तारेनं आवळा."

आता मी चाळीस वर्षं कथील वितळवून डाख देतोय. म्हटलं, "बाई, बिनडाखाचं नरसाळं माझ्या दुकानातून बाहेर जात नाही."

"मेण पातळ करायला जाळावर धरायचंय ते."

"धरा की."

बाईंनी अंडं परत रुमालात गुंडाळलं आणि त्या गेल्या.

धड्याच्या दिवशी त्यांनी मला वर्गात बोलावलं. नातीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की नरसाळी आमच्या आजोबांची. मी मागच्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून. मुलांनी कच्ची अंडी आणली होती; एका शाकाहारी आईने बटाटा पाठवला होता. "बटाट्यावरही मेण चढतं," म्हणून बाईंनी तो रांगेत मांडला. येशू कबरेतून कसा उठला ते सांगितलं, मेणबत्त्या पेटवल्या, मुलांनी नरसाळी जाळावर धरली. आणि टप, टप, टप. डाख वितळला. दहाच्या दहा नरसाळी उलगडून बाकांवर पडली.

नातीने मागे वळून बघितलं. मी बाईंकडे बघितलं. अख्ख्या गावाच्या चुका काढणारी बाई, समोर चाळीस पोरं, आणि चूक एवढी मोठी. मी मान खाली घातली.

"नरसाळी दमली," बाई म्हणाल्या. "आता टाचणी मेणात बुडवून ठिपके." आणि पिशवीतून शिसपेन्सिलींचा गठ्ठा काढला. प्रत्येकीच्या मागच्या रबरात टाचणी खोचलेली. म्हणजे घरून करून आणल्या होत्या. म्हणजे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी उठलो, दुकान गाठलं, आणि मधल्या सुट्टीनंतर दहा नवी नरसाळी घेऊन परत आलो. घडी घातलेली, तारेने आवळलेली. बाईंनी एक डोळ्यासमोर धरलं. "दांडी वाकडी आहे," म्हणाल्या. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी त्यांनी मला एक अंडं दिलं. काळ्यावर पांढरं नरसाळं. "कच्चंच आहे. आतलं सुकायला वर्षं लागतील. सुकलं की खुळखुळेल, तेव्हा मला दाखवा." आमच्या मंडळी म्हणाल्या, फुटेल आणि घर सोडावं लागेल. नाही फुटलं. दर ईस्टरला मी ते घेऊन बाईंकडे जायचो, त्या कानाशी हलवायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही. घाई करू नका." त्या निवृत्त झाल्या, माझं दुकान बंद झालं, नातही काचेच्या इमारतीत कामाला लागली, तरी अजून नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी बाई गेल्या.

या ईस्टरला सवयीने अंडं कानाशी धरलं. खुळखुळलं. अगदी बारीक, पण खुळखुळलं. मी सदरा चढवला आणि त्यांच्या घरापर्यंत गेलो. दाराला कुलूप, वर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी, एका खिळ्यावर लोंबकळत, वाकडी. छत्री माझ्याकडे नव्हती. हातानेच सरळ केली, जरा लांब जाऊन बघितली, परत येऊन आणखी थोडी सरळ केली, आणि अंडं खिशात सांभाळत घरी आलो.