बहिणीच्या पत्राला दहापैकी सहा

'इंटरनेट : शाप की वरदान?' हा निबंध मी शाळेत इतक्या मुलांकडून लिहून घेतला आहे, की त्या वह्या एकावर एक रचल्या तर आमच्या नाशिकरोडच्या घराच्या गच्चीला लागतील. माझा एक न सांगितलेला नियम होता. शेवटी 'शाप' म्हणणाऱ्याला एक गुण जास्त. इंटरनेट म्हणजे नेमकं काय हे मी तोवर पाहिलंही नव्हतं. पण त्यानं माणूस माणसापासून तुटतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाई होते ना मी! न पाहिलेल्या गोष्टींबद्दल ठामपणे बोलण्याचाच मला पगार मिळायचा.

त्या बाईंना आता माझा दिवस दाखवायला हवा. गॅसचा नंबर मी पलंगावर बसल्या बसल्या लावते. पूर्वी त्यासाठी अर्धी रजा टाकायचे आणि रांगेत पुढे कोण घुसलं यावर उरलेला अर्धा दिवस बोलायचे. बस किती वाजता आहे हे विचारायला स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीतल्या माणसाशी भांडावं लागायचं. आता भांडण वाचतं, याचं थोडं वाईटही वाटतं. गुडघ्याचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी तर माझ्या फोनमध्येच राहते. रोज तोच व्यायाम, तितक्याच गोडीनं दाखवते. घरात दुसऱ्या कुणाकडून ही अपेक्षा करून बघा.

पण हे सगळं वरवरचं. फोननं माझं खरं काम केलं ते माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सायखेड्याला दिली, तिथंच शेतीत आयुष्य गेलं. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण घरात एक तान्हं पोर होतं आणि आई रोजानं जायची. ते तान्हं पोर म्हणजे मी. पुढे मी मास्तरीण झाले. तिनं मला कडेवर घेऊन पाचवीच्या वर्गाबाहेर उभं राहून पाचवीचे धडे ऐकले, असं ती सांगायची. मी म्हणायचे, "म्हणजे माझी शाळा एकदम पाचवीपासून सुरू झाली."

आमचा रविवारी सकाळी फोन ठरलेला. तो दोन वर्षांपूर्वी बिघडायला लागला. फोन नव्हे, आमचं बोलणं. मी काहीही सांगितलं तरी अक्का तीनच वाक्यं बोलायची. "हो का." "बरं झालं." "जेवली का?" मी सकाळी आठला फोन केला तरी जेवली का. एकदा मी म्हटलं, "अक्का, गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागणार आहे म्हणतात. मला भीती वाटते गं."

"बरं झालं," अक्का म्हणाली. "जेवली का?"

मी फोन ठेवला तो ठेवलाच. ऑपरेशन झालं, काठी आली, काठी गेली. सायखेडा इथून तासाभरावर, पण ना मी गेले ना तिनं बोलावलं. सून म्हणायची, "आई, एकदा फोन करून बघा तरी." मी म्हणायचे, "तिला माझी पडलेली नाही." रुसण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नाआधी मी एकदा आमसुलाच्या सारावरून चार दिवस रुसले होते. चौथ्या दिवशी कशावरून रुसले ते आठवेना, म्हणून आईलाच विचारलं.

शेवटी सुनेनंच परस्पर ठरवलं. तिनं अक्काच्या सुनेला गाठलं आणि एका दुपारी माझ्यासमोर फोन धरला. "व्हिडिओ कॉल आहे. बघा कोण ते."

बघते तर एक कान.

सगळा पडदा भरून नुसता कान. त्यात कुडी. आईनं आम्हा दोघींना एकाच वेळी केलेल्या कुड्या, त्यातलीच ती. मी ओळखली. "अक्का! अगं फोन समोर धर! तोंड दाखव!" कान आणखी जवळ आला. मी ओरडले. कान इतका जवळ आला की कुडीचे मोती दिसेनासे झाले. माझी सून हसून हसून खाली बसली. मीही हसले. काय हे खेडवळ ध्यान, असंच मनात आलं; खोटं कशाला बोलू.

मग तिकडून तिच्या सुनेनं फोन ओढून घेतला. "मावशी, नका ओरडू. आईंना ऐकू येत नाय. दोन वर्षं झाली."

माझं हसू तिथंच थांबलं.

"कानाचं मशीन आणलं ना आम्ही," ती सांगत होती. "ते डब्यात ठेवलंय. त्यात सगळ्या घरची भांडी एकदम वाजतात म्हणे. आन् तुम्हाला सांगायचं नाय म्हणून शपथ घातली होती."

"मला का नाही सांगायचं?"

"म्हणत्यात, कळलं तर लिहून बोलायला लावील, आन् मास्तरीण चुका काढील."

तिच्यामागे अक्का पदरानं चष्मा पुसत उभी होती. कॅमेऱ्यात बघावं लागतं हे तिला माहीत नसल्यामुळे ती भिंतीकडे बघून माझ्याकडे हसली.

मास्तरीण चुका काढील. हे वाक्य ऐकल्यावर मला जे आठवलं, ते मी पन्नासेक वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. विसरले होते असं म्हणणं सोयीचं होईल, पण विसरले नव्हते.

मी नुकतीच शाळेत लागले होते. केसात दोन पिना, खांद्याला पर्स, पर्समध्ये लाल पेन. ते पेन मी सिनेमाला जातानाही बरोबर न्यायचे; न जाणो कुठे चूक दिसली तर! त्या दिवसांत अक्काचं आंतर्देशीय पत्र आलं. चौथी शिकलेल्या बाईनं, दोन पोरं सांभाळून, चुलीपाशी बसून लिहिलेलं. म्हैस व्याली, पारडी झाली, कांद्याची लागण झाली, धाकट्याला गोवर आला होता तो उतरला, तू कधी येतीस, मला इथं करमत नाही, नदीला पाणी लय हाय, पापड मोडले तर मोडू दे पण पाठवते. सगळं एका दमात.

आणि त्या दीडशहाण्या पोरीनं काय करावं? तिनं ते पत्र तपासलं. 'परिच्छेद पाडावेत.' 'मुद्दे विस्कळीत.' जिथं 'मला इथं करमत नाही' होतं, तिथं गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'विषयांतर'. खाली '६/१०. प्रयत्न चांगला.' आणि ते पाकिटात घालून परत पाठवलं. थट्टा म्हणून नव्हे हो! तिचा फायदा व्हावा म्हणून. आणखी चार गुण कसे मिळाले असते तेही मी सविस्तर लिहिलं होतं.

अक्काचं पुन्हा पत्र आलं नाही. पापड आले. त्या विषयावर ती कधी चकार शब्द बोलली नाही, आणि मी समजले, सुधारली असेल. पुढे फोन आले आणि कुणालाच कुणाला लिहायची गरज उरली नाही. आता मात्र उरली होती. तिला ऐकू येत नव्हतं, डोळे चांगले होते. आमच्यात बोलणं व्हायचं तर लिहूनच होणार होतं, आणि लिहिण्याची वाट मी माझ्या हातानं बंद केली होती.

सुनेनं मला एक गंमत दाखवली. फोनमध्ये माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं. आपण बोलू ते मराठीत उमटत जातं. पहिल्यांदा ते बघून मी इतकी दचकले की माझं "अगं बाई" पण उमटलं. बोटं थरथरतात म्हणून मला टाइप करणं जमत नव्हतं. हे जमलं. मी रोज अक्काला बोलून लिहायला लागले. गवार महाग झाली. शेजारच्या बाईंनी केस काळे केले, भुवया राहिल्या. अक्काच्या सुनेनं तिच्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली होती.

रोज दोन निळ्या खुणा यायच्या. म्हणजे वाचलं. उत्तर नाही. फार तर एक गुलाबाचं फूल, शुभ सकाळ, तेही दुपारी.

मी तिच्या सुनेला विचारलं, "वाचते का गं खरंच?"

"वाचत्यात म्हणजे? मोठ्यानं वाचत्यात. अख्ख्या गल्लीला कळलं तुमच्या शेजारणीच्या भुवयांचं. पण म्हटलं, आई तुम्ही पण बोला ना त्यात, तर फोन पालथा घालत्यात."

महिना गेला. मला तिची एक ओळ हवी होती. शुभ सकाळ नको, तिची स्वतःची. इतक्या वयात इतकी साधी गोष्ट इतकी हवीशी वाटेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचाही निबंध तपासला असता.

एका सकाळी मी सुनेला स्वयंपाकघरात पिटाळलं, दार लोटून घेतलं आणि माइक दाबला. माफी मागायची होती. तरुणपणी मी कधी मागितली नव्हती, त्यामुळे सराव नव्हता. मग जे नेहमी होतं तेच झालं. मी भलतीकडूनच सुरुवात केली. दूधवाला दोन दिवस आला नाही, गुडघा आता जिना चढतो, कुंडीतल्या कढीपत्त्याला मावा लागला, अक्का तुझ्या पत्रावर मी लाल शाई ओढली तेव्हा मी गाढव होते, मला तुझ्याशिवाय करमत नाही, मेथीला कालपासून चव नाही. फोन स्वतःहून पूर्णविराम देत नाही. सगळं एका दमात, एका लांबलचक ओळीत उमटलं. पाठवल्यावर मी ते वाचलं. असं लिहिलेलं मी पूर्वी एकदा वाचलं होतं.

दोन निळ्या खुणा आल्या. त्या दिवशी गुलाबही आला नाही. मी जेवले नाही नीट; सुनेला सांगितलं, पित्त आहे.

दुसऱ्या दिवशी डाळ निवडत असताना फोन वाजला. अक्काकडून एक फोटो आला होता. चष्मा लावला. माझंच कालचं पत्र होतं ते, फोनच्या पडद्यावरून जसंच्या तसं उचललेलं (सुनेकडून शिकून घेतलं असणार), आणि त्यावर लाल रंगानं, बोटानं गिरवलेलं, वाकडंतिकडं, पण वाचता येईल असं: 'परिच्छेद पाडावेत.' 'मुद्दे विस्कळीत.' 'मला तुझ्याशिवाय करमत नाही' या शब्दांभोवती एक मोठा, दोनदा फिरवलेला गोल, आणि शेजारी, 'विषयांतर'. खाली ६/१०.

एकही शेरा ती विसरली नव्हती.

त्याखाली आणखी एक ओळ होती. ती मी तेव्हा लिहिलेली नव्हती. ही तिची स्वतःची भर. 'पालकांची सही आणावी.'

मी इतक्या जोरात हसले की डाळीचं ताट सांडलं. सून धावत आली. "आई, काय झालं? रडताय का हसताय?"

"नापास झाले नाही," मी म्हटलं. "पण सही आणायला सांगितलंय."

आईवडील जाऊन जमाना झाला. आता पालक म्हणायची ती एकच उरली आहे. म्हणजे सही तिचीच लागणार. मी सुनेला म्हटलं, सायखेड्याची गाडी किती वाजता आहे ते फोनवर बघ. तिनं तिथंच उभ्या उभ्या बघितलं. मी पिशवीत चष्मा टाकला, गुडघ्याचा पट्टा टाकला, आणि कपाटातून शोधून एक लाल पेन टाकलं. कागदावर चालवून पाहिलं आधी. चालतंय.