नीला लाल कशी?

धाकट्या जावेला कुंचला धरायला थोरलीने शिकवलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विसरू नये म्हणून थोरली ते अधूनमधून बोलूनही दाखवी.

वैद्यकीय महाविद्यालयात शरीराचे तक्ते रंगवणं हे थोरलीचं काम. हाडं, स्नायू, मोठ्या माणसाचं रक्ताभिसरण, व्हरांड्यातले बहुतेक तक्ते तिच्याच हातचे. धाकट्या दिराचं लग्न झालं, नव्या जावेचा हात चित्रात बरा दिसला, तेव्हा थोरलीच म्हणाली होती, "घरी बसून माश्या काय मारतेस? चल माझ्याबरोबर."

आणि आता महाविद्यालयाच्या संग्रहालयाची अख्खी भिंत रंगवायची निघाली: पोटातल्या बाळात रक्तवाहिन्या कशा तयार होतात, जन्माआधी रक्त कसं फिरतं, जन्मानंतर कसं. संग्रहालय सांभाळणाऱ्या डॉक्टरबाईंनी ते काम धाकटीला दिलं.

"शिडीवर चढायचंय, तरुण गुडघे हवेत," त्या थोरलीला म्हणाल्या.

थोरली हसून "हो, हो" म्हणाली. घरी पोचेपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यात सासूबाई म्हणाल्या, "नाव काढलं हो तुझं पोरीने!"

"माझं कुठलं? स्वतःचंच काढतेय," थोरली म्हणाली आणि भांडी जरा जोरातच आपटली.

त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. धाकटी घरी गेली की ती हळूच संग्रहालयात शिरे आणि भिंत न्याहाळी. पहिल्या भागात गर्भाबाहेरच्या पिशवीवर रक्तपेशींचे ठिपके, मग ठिपके एकमेकांना जोडून झालेल्या बारीक नळ्या. काम सुबक होतं. सुबक आहे हेच तर डोळ्यांत सलत होतं. दुसऱ्या भागात पोटात गुडघे दुमडून बसलेलं बाळ, आणि बाळाला वारेशी जोडणारी नाळ. त्या नाळेवर थोरलीची नजर खिळली. नाळेतली नीला धाकटीने लालभडक रंगवली होती, आणि रोहिण्या निळ्या!

थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. रोहिणी लाल, नीला निळी; उलट्या रंगाच्या फक्त फुप्फुसांच्या वाहिन्या, आणि ही तर नाळ. तिचे तक्ते बघून पोरं हेच तर पाठ करतात. घरी सांगितलं असतं तर धाकटीने दुसऱ्या दिवशी गुपचूप दुरुस्त केलं असतं. म्हणूनच थोरलीने सांगितलं नाही. जेवताना धाकटीला आग्रहाने वाढलंही.

डॉक्टरबाई विद्यार्थ्यांना घेऊन काम बघायला आल्या, तेव्हा थोरली आधीच येऊन उभी होती. कौतुक सुरू व्हायच्या आत ती बोलली, "बाकी सगळं छान हो. पण नीला लाल केलीय हिने. नावातच निळा रंग आहे, तरी!"

दोन मुली खुदकन हसल्या. धाकटीने मान खाली घातली. थोरलीला वाटलं, जिंकले.

"लालच हवी ती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हृदयाकडे रक्त आणते ती नीला, हृदयाकडून नेते ती रोहिणी. रंग आपण रक्ताचा देतो. पोटातल्या बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली, त्याला प्राणवायू मिळतो आईकडून, वारेतून. ते ताजं रक्त नाळेतल्या नीलेतून येतं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये खिडकी असते, फुप्फुसाच्या रोहिणीपासून महारोहिणीकडे एक आडवाट असते, म्हणून बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं. बाळाने पहिला श्वास घेतला की फुप्फुसं फुलतात, रक्त तिकडे धावतं, खिडकीची झडप मिटते. आडवाट एक-दोन दिवसांत आवळून बंद होते. नाळेतल्या वाहिन्यांचा पोटात राहिलेला भाग सुकून नुसत्या दोऱ्या उरतात."

थोरलीचे कान तापले. मोठ्या माणसाचं रक्ताभिसरण रंगवण्यात हयात गेली, पण न जन्मलेलं बाळ तिच्या कुंचल्याखाली कधी आलंच नव्हतं.

सगळे पांगल्यावर धाकटी जवळ आली. "ताई, मीही आधी निळीच रंगवली होती. डॉक्टरबाईंनी खरवडायला लावली. त्याआधी तुम्हालाच विचारायला आले होते. तुम्ही डोकं दुखतंय म्हणून दार लावून घेतलंत."

ते खरं होतं. डोकं दुखत नव्हतं, हेही खरं होतं.

"आता शेवटचा भाग राहिलाय," धाकटी म्हणाली. "नुकतं जन्मलेलं, रडणारं बाळ. निळसर अंग गुलाबी होत चाललंय, असं हवंय त्यांना. मला कातडी जमत नाही. तुम्ही याल?"

नाही म्हणायला थोरलीची जीभ वळवळत होती. पण कातडी तिच्याइतकी कुणाला जमत नसे, आणि ते भिंतीवर दिसावं असंही वाटत होतं. ती शिडीवर चढली, गुडघे कुरकुरले तरी. पातळ रंगाचे हात एकावर एक देत तिने बाळाच्या छातीवर गुलाबी रंग आणला. हातपाय अजून निळसरच ठेवले, कारण तिथला रंग सर्वांत उशिरा पालटतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

भिंत खुली झाली त्या दिवशी गर्दी त्या रडणाऱ्या बाळापुढेच थबकली. "काय हात आहे हो तुमचा!" कुणीतरी धाकटीला म्हणालं.

"ते बाळ ताईंचं," धाकटी ताबडतोब म्हणाली.

लोक थोरलीकडे वळले. तिने मान डोलावली, पण डोळ्यांत पुन्हा तेच सलू लागलं. आपण असतो तर गप्प बसून कौतुक घेतलं असतं. हिला हेही जमतं! काम संपलं म्हणून घरी न्यायला घेतलेली रंगांची जड पेटी तिने धाकटीच्या हातातून काढून घेतली आणि ती पुढे चालू लागली.